धाब्यावरून पडले

माझ्यासमोर कुणी अपघाताचे कागद घेऊन बसलं की मी आधी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. मी विचारते, दवाखान्यात सगळ्यात आधी काय सांगितलं? लोक वैतागतात. एकजण म्हणाला, बाई, तुम्ही टायपिंग करा, वकिली नका करू. मी म्हटलं, टायपिंगच करतेय, पण पहिली ओळ चुकलेली असली तर खालच्या चाळीस ओळींसाठी माझी बोटं कशाला झिजवू? माझी जीभ तिखट आहे हे धुळ्याच्या कोर्टात आता सगळ्यांना माहीत झालंय. पूर्वी मी अशी नव्हते. पूर्वी मी दुसऱ्यानं सांगितलेलं बोलायची.

मी सुलक्षणा. ज्ञानचंद वकिलांकडे दावे टाइप करते. कोर्टाच्या मागच्या गल्लीत एका खोलीत मी आणि माझे मालक, म्हणजे नवरा, राहतो. घरात मी त्यांना नुसतं 'अहो' म्हणते. नाव घ्यायची सवय मला कोर्टानं लावली, कारण दाव्यात 'अहो' लिहिता येत नाही. अर्जदाराचं नाव नवल, वय छत्तीस, धंदा घरांना रंग देण्याचा. हे मी माझ्या हातानं टाइप केलेलं आहे.

तीन वर्षांपूर्वीची अखाजी. बाकीचे लोक तिला अक्षय तृतीया म्हणतात आणि सोनं घेतात. आमच्या खानदेशात तो लेकींचा सण. सासरी गेलेल्या लेकींना आणायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर बाई दिवसभर दाराकडे बघत बसते आणि शेजारणी तिला काही विचारत नाहीत. माझा मुराळी कधी चुकला नाही. प्रेमराज माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी त्याला कडेवर घेऊन वाढवलं. सातवीत असताना तो सायकल हाणत मला न्यायला निघाला होता, तर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला कुसुंब्याहून परत नेलं.

त्या वर्षी तो पिकअप घेऊन आला. साक्रीजवळच्या आमच्या गावातून तो कांदा-भाजीपाला बाजारात पोचवायचा. गाडीत पुढं मी आणि नवल, मागं आंब्यांच्या पाट्या. प्रेमराजचं लग्न पंधरा दिवसांवर होतं, मुलगी चाळीसगावची, नाव सारिका. नवल त्याला रस्ताभर चिडवत होते, कारण त्यानं लग्नासाठी घेतलेली नवी मोजडी पायात घातली होती. तो म्हणाला, दाजी, आतापासून घातली नाही तर मांडवात चावेल. आम्ही तिघंही हसलो. त्यानंतर आम्ही तिघं एकत्र हसल्याचं मला आठवत नाही.

गावातली आमची गल्ली अरुंद. गाडी उलटी घालावी लागते, म्हणजे निघताना सोपं जातं. मी आधीच उतरून दारात उभी होते. माय माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळत होती. नवल गाडीमागं गेले आणि शेजारच्या भिंतीपाशी उभे राहून हातानं खुणा करायला लागले. येऊ द्या, येऊ द्या, बस. बस म्हटल्यावर गाडी थांबायला हवी होती. मोजडीचं टोक पायाखालच्या पॅडलमध्ये अडकलं आणि प्रेमराजचा पाय ब्रेकवर पडायच्या ऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला. नवल गाडी आणि भिंत यांच्यामध्ये सापडले.

त्याच गाडीत मागं गोधडी टाकून त्यांना निजवलं आणि आम्ही थेट धुळ्याला निघालो. गाडी चुलतभाऊ चालवत होता. प्रेमराज मागं कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. आबा नवलचं डोकं मांडीवर धरून होते. माय माझ्या शेजारी सरकली. आमच्या घरात माय काही मागत नाही, सगळं देते. त्या दिवशी तिनं मागितलं.

"सुलक्षणा, पोलिसमा नाव गयं ते पोऱ्यानं लगन मोडी. एकुलता एक भाऊ शे तुना. जावाई धाबावरतून पडनात, अस सांगजो."

आमच्याकडे घराच्या मातीच्या सपाट छपराला धाबं म्हणतात. उन्हाळ्यात लोक धाब्यावर झोपतात, पापड वाळवतात, आणि वर्षातून एखादा पडतोही. म्हणजे खोटं चांगलं बेतानं निवडलेलं होतं. मी आबांकडे पाहिलं. ते म्हणाले, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, घरातलं घरात ठेवू. नवल शुद्धीवर होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

दवाखान्यात तपासायला एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, धाब्यावरून पडले. तिनं लिहिता लिहिता मान वर केली. म्हणाली, पडलेला माणूस एका अंगावर पडतो, हे तर दोन्हीकडून चेपलंय. ती बिचारी मला परत फिरायची संधी देत होती, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, ही प्रेमराजला धरायला निघालीय. मी म्हटलं, खाली दगडांचा ढीग होता. मग तिनं त्यांनाच विचारलं, पडलात का तुम्ही? नवलनी माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाले. तिनं ते लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.

लग्न ठरल्या दिवशी झालं. मी हळदीला गेले, अक्षता टाकल्या, आणि संध्याकाळी दवाखान्यात परत आले. कमरेचं हाड तीन ठिकाणी मोडलेलं होतं आणि खुब्याचा सांधा चेपला होता. पहिलं ऑपरेशन सरकारी योजनेत झालं. आत पट्ट्या, स्क्रू घातले. नवल कुबड्यांवर उभे राहिले तेव्हा मी पेढे वाटले. मग जखमेतून पू यायला लागला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की आतलं सगळं काढून, स्वच्छ करून, सांधा बदलला तर हा माणूस चालेल. पण वर्ष-दीड वर्षाच्या आत करा, नंतर आत बसवायला हाड उरायचं नाही. ते ऑपरेशन योजनेत बसत नव्हतं. आबा आणि प्रेमराज पहिल्या दिवसापासून धावत होते, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण भाजीपाल्याच्या गाडीवर दोन घरं आणि एक सांधा चालत नाही.

गावात अपघात झाला की वकील सोडून सगळे सल्ला देतात. सरपंचांनी दिला, किराणावाल्यानं दिला, हाड बसवणाऱ्यानं तेल दिलं. वकिलाकडे जा असं कुणी म्हटलं नाही. वकील म्हणजे भांडण, आणि भावाशी कसलं भांडण? शेवटी म्हणाल्या त्या आमच्या शेजारच्या प्रमिलाबाई. त्या कोर्टाबाहेर चहा विकतात आणि चहा देता देता वकिलांचं सगळं बोलणं ऐकतात. त्या म्हणाल्या, भांडायला नको जाऊस, नुसतं विचारायला जा. विचारल्यानं कुणाचं लग्न मोडत नाही.

अशी मी दसऱ्यानंतर ज्ञानचंद वकिलांसमोर बसले. त्यांचं घराणं कापडाच्या दुकानाचं. साठी उलटलेले, हळू बोलणारे. मी त्यांना खरं सांगितलं, कारण खोटं सांगून सांगून मी थकले होते. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. गाडीचा विमा होता का? भावाकडे परवाना होता का? नवल गाडीत होते की गाडीबाहेर? मी प्रेमराजला फोन लावला. विम्याचा कागद गाडीच्या कप्प्यातच होता, प्लास्टिकच्या पिशवीत, वर पूजेचं कुंकू लागलेला. परवानाही होता. सगळं नियमात होतं.

ज्ञानचंदकाकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बेटा, गाडीबाहेर उभा माणूस कायद्याला तिऱ्हाईत असतो. जावई असला तरी तिऱ्हाईत. त्याची भरपाई विमा कंपनी देते, तुझा भाऊ नाही. लग्नही झालं असतं आणि ऑपरेशनही."

मी विचारलं, आणि पोलीस? ते म्हणाले, गुन्हा नोंदला असता, जामीन तिथल्या तिथं मिळाला असता. निष्काळजीपणाचा खटला कोर्टात रेंगाळला असता. मुलीकडच्यांना समजावता आलं असतं. आम्ही ज्याला पहाड समजलो ते ढेकूळ होतं, आणि ते कुणाला विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं. मी तिथंच रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी आज समोर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगते. खरचटलं, बंपर वाकला, चार दिवसांत माणूस कामाला लागला, तर वकिलाची गरज नाही, कंपनीला अर्ज द्या आणि मोकळे व्हा. हाड मोडलं, माणूस दवाखान्यात राहिला, रोजी बुडाली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत विचारायला या, सही करण्याआधी या. आणि समोरची गाडी आपल्याच माणसाची असली तर सगळ्यात आधी या. परक्याशी भांडताना माणूस सावध असतो, आपल्या माणसापुढं तो स्वतःचं नुकसान स्वतःच लिहून देतो.

अपघातानंतर दावा करायला सहा महिन्यांची मुदत असते, आणि आमचे अठरा दिवस उरले होते. काका म्हणाले, रस्ता आहे, पण एकच. ज्यानं गाडी चालवली त्यानं पोलिसांत जाऊन खरं सांगायचं, आणि तुम्ही दोघांनी कोर्टात कबूल करायचं की दवाखान्यात खोटं बोललो, आणि का बोललो. ते 'का' जर नीट आणि सगळ्यांचं सारखं आलं, तर न्यायाधीश साहेब विश्वास ठेवतील.

दुसऱ्या दिवशी मी साक्रीची एसटी धरली. माहेरी सारिकेनं मला पाणी दिलं. तिला पाचवा महिना होता. मी सगळं तिच्यासमोरच सांगितलं, कारण आता लपवण्यात काय अर्थ होता. मायनं कपाळाला हात लावला. म्हणाली, पोराला आता जेलात घालशील, व्याही काय म्हणतील. आबा विडी ओढत राहिले. सारिका नवऱ्याकडे बघत राहिली. प्रेमराज उठला, खुंटीवरचा सदरा घातला.

"अक्का, चाल. मी बठ्ठं सांगसू. गाडी मनाच हातमा व्हती."

त्यानं पोलिसांत जाऊन सगळं सांगितलं. तिथं त्याला बसवून ठेवलं, ओरडले, लिहून घेतलं. गुन्हा नोंदला गेला, जामीनही झाला, काका म्हणाले होते तसाच. पंधराव्या दिवशी आमचा दावा दाखल झाला. तो टाइप करणारी मुलगी काम सोडून चालली होती. मला मराठी टायपिंग येत होतं, लग्नाआधी परीक्षा दिलेली. काका म्हणाले, बस इथंच. माझ्या आयुष्यातला पहिला दावा मी माझ्याच नवऱ्याचा टाइप केला. त्यात लिहिलं, अर्जदाराच्या पत्नीने तिच्या आईच्या सांगण्यावरून आणि भावाचे लग्न मोडेल या भीतीने चुकीची माहिती दिली. ते वाक्य टाइप करताना मला लाज वाटली, पण हलकंही वाटलं.

मी तेव्हा फार आशेत होते. रात्री नवलच्या पायाला शेक देताना मी त्यांना सांगायचे की सांधा बसला की आधी आपल्याच खोलीला रंग द्यायचा. ते म्हणायचे, कुठला देऊ? मी म्हणायचे, पोपटी. माहेरच्या झोक्याचा पाट त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीला पोपटी रंगवला होता, आणि गावभरच्या पोरी त्यावर बसायला भांडल्या होत्या.

कंपनीनं उत्तर दिलं. ते वाचून मी दोन दिवस जेवले नाही. त्यात म्हटलं होतं की अर्जदार धाब्यावरून पडला हे दवाखान्यात पती-पत्नी दोघांनी सांगितलं, सहा महिने कुणी तक्रार केली नाही, आणि नंतर मेहुण्याची विमा असलेली गाडी संगनमतानं आणून उभी केली. काका म्हणाले, त्यांना शिव्या देऊ नकोस. रोज अशा खोट्या गाड्या आणणारे लोक येतात. आपण खरे आहोत हे आपल्याला सिद्ध करायचंय. आपल्याकडे 'का' आहे, तो साक्षीत यायला हवा.

नवलची साक्ष लागली त्याला दुसरा उन्हाळा उजाडला होता. ऑपरेशनची डॉक्टरांनी दिलेली मुदत संपत आली होती. साक्षीआधी आठवडाभर काका आमच्या खोलीवर येऊन बसत. ते नवलना एकच सांगायचे. नवीन काही बोलायचं नाही, घडलं तसं सांगायचं. सासूबाईंनी सुचवलं, बायको बोलली, मी दुखण्यात होतो, होकार दिला. नवल मान हलवायचे. तोंडानं म्हणूनही दाखवायचे.

त्या दिवशी व्हीलचेअरवरून त्यांना कोर्टात नेलं. सदऱ्याला मी इस्त्री केली होती. आबा आणि माय पहाटेच्या गाडीनं आले होते. त्यांनी यावं असं मीच म्हटलं होतं, म्हणजे साहेबांना दिसावं की घर एकत्र आहे. ती माझी दुसरी चूक. माय मागच्या बाकावर डोईवरून पदर घेऊन बसली होती, समोरच, नवलच्या नजरेच्या टप्प्यात.

कंपनीचे वकील आवाज चढवून बोलणारे नव्हते. त्यांनी आधी दवाखान्याचा कागद दाखवला. हे तुम्ही सांगितलं? नवल हो म्हणाले. खोटं सांगितलं? हो. मग त्यांनी मागं वळून मायकडे बोट केलं. त्या तुमच्या सासूबाई? हो.

"म्हणजे या बाईंनी तुम्हाला खोटं बोलायला लावलं, असं तुमचं म्हणणं आहे?"

मायनं मान खाली घातली. नवलनी तिच्याकडे पाहिलं. ते तिला मामी म्हणत. या बाईनं त्यांना जावई म्हणून कधी हातानं ताट उचलू दिलं नव्हतं. पहिल्या आजारपणात तिनं महिनाभर त्यांचं सगळं केलं होतं, मुलाचं करावं तसं. भरल्या कोर्टात तिच्याकडे बोट दाखवून हो म्हणायचं होतं. एकच शब्द होता.

"नाही," नवल म्हणाले. "मामींनी काही सांगितलं नाही. बायकोनंही नाही. माझं मीच ठरवलं."

वकिलांनी अगदी हळू विचारलं, म्हणजे धाब्यावरून पडलो हे तुम्ही स्वतःच्या मर्जीनं, कुणाच्या दबावाशिवाय सांगितलं? नवल हो म्हणाले. वकील खाली बसले. काकांनी फेरतपासणी मागितली, तोच प्रश्न तीन तऱ्हेनं विचारला. नवल त्याच उत्तरावर राहिले. त्यानंतर मी साक्ष दिली. मी सांगितलं, मायनं सांगितलं आणि मी बोलले. प्रेमराजनं घडलं तसं सगळं सांगितलं, मोजडीसकट. तिघांनी सांगितलं, पण तिघांचं एक नव्हतं.

निकाल सात पानांचा होता. मी तो अख्खा वाचला, कारण आता मला निकाल वाचता येतात. साहेबांनी लिहिलं होतं की अर्जदार आणि त्याची पत्नी खोट्या माहितीचं कारण वेगवेगळं देतात. त्यामुळं दोघांच्याही सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि दवाखान्यातली पहिली नोंदच खरी धरावी लागते. दावा नामंजूर. मला साहेबांचाही राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते आणि समोर असले कागद असते, तर मीही तेच लिहिलं असतं.

राग आला तो नवलचा. घरी आल्यावर मी त्यांच्यावर ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा ओरडले. म्हटलं, एक शब्द होता. तुमचा पाय होता त्या शब्दात. ते पायावरची चादर सारखी करत राहिले. मग म्हणाले, मामी समोर बसल्या होत्या. मी म्हटलं, माहीत आहे मला. ते म्हणाले, हो म्हटलं असतं तर त्या परत तुझ्यासमोर मान वर करून उभ्या राहिल्या नसत्या. तुझं माहेर राहायला पाहिजे ना. मी भांडी आपटत बाहेर गेले आणि नळावर बसून रडले. असल्या चांगुलपणाचं काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

काकांनी वरच्या कोर्टात अपील टाकलं आहे, स्वतःहून, माझ्याकडून एक सहीच घेतली. पण मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी नवा फोटो काढला आणि दिव्यासमोर धरून आम्हाला दाखवला. म्हणाले, आता आत सांधा बसवायला हाडच उरलेलं नाही, जिंकलात तरी ऑपरेशन होणार नाही. नवल आता बसू शकत नाहीत. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणून मी दर दोन तासांनी टाइपरायटरवर झाकण टाकून गल्लीत पळते आणि परत येते. कोर्टातले लोक म्हणतात, सुलक्षणाबाई चहाला गेल्या.

या वर्षीच्या अखाजीला प्रेमराज सकाळीच दारात उभा राहिला. गाडी विकल्यापासून तो एसटीनं येतो. दोन वर्षं तो आला होता आणि मी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं, कारण यांना सोडून जायचं कसं? या वेळी त्यानं चहा घेतला नाही. चपला काढल्या, हात धुतले आणि नवलच्या खाटेशी येऊन बसला. म्हणाला, अक्का, तू जाय, मी आठे बठस. मी म्हटलं, अरे, मुराळी घरी बसतो आणि बाई एकटी जाते, असं कुठं असतं का? त्यानं नवलच्या खांद्याखाली एक हात घातला, कमरेखाली दुसरा, आणि इतकं सावकाश त्यांना वळवलं की त्यांच्या तोंडून आवाजही निघाला नाही. हे तो कधी शिकला मला माहीत नाही. नवल भिंतीकडे तोंड करून म्हणाले, जा, तुझी माय वाट बघत असेल.

मी गेले. एसटीत माझ्यासारख्याच बाया होत्या, प्रत्येकीशेजारी तिचा मुराळी. कंडक्टरनं विचारलं, एकच का? मी एकच म्हटलं.

गल्लीच्या तोंडाशी उतरले. ती भिंत तशीच आहे. शेजाऱ्यांनी तिला सिमेंट लावून घेतलंय, पण कुठं लावलंय ते दिसतं. दारात माय भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं माझ्या मागं पाहिलं, मग गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं.

"मुराळी कोठे शे?"

"जावाईजोडे बठेल शे," मी म्हटलं. "कूस बदलाले."

माय भाकरतुकडा हातात तसाच धरून ओट्यावर खाली बसली. आत झोक्यावर पोरींची गाणी चालू होती. सारिकेची मुलगी पोपटी पाटावर बसली होती आणि कुणीतरी तिला हळू झोका देत होतं. पाटाचा रंग अजून उडालेला नाही. नवलचा हात चांगला होता, त्यांनी दिलेला रंग उडत नाही.

माय मोठ्यानं रडत नव्हती. पदर तोंडात धरून म्हणाली, "मीच सांगं व्हतं तुले. मनं पाप शे हाई."

तीन वर्षं मी हे ऐकायची वाट बघत होते. तिला काय काय बोलायचं ते मी मनात कितीदा टाइप करून ठेवलं होतं. ती समोर बसली होती, म्हातारी, हातातली भाकर मोडत. मी तिच्याशेजारी ओट्यावर बसले आणि तिच्या हातातला भाकरतुकडा काढून घेतला.

"सांगनारी तू," मी म्हटलं, "पन तोंड मनं व्हतं."

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. मग मी स्वतःवरून तो तुकडा ओवाळला, गल्लीत टाकला, आणि घड्याळात पाहिलं. परतीची गाडी चारला होती.